न उडालेल्या दिवसांची वही

एसटीत फेरी रद्द झाली की कारण लिहावं लागतं. वाहन बिघाड, चालक नाही, वाहक नाही, रस्ता बंद. मी सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक होतो. सकाळची साडेपाचची गाडी सुटली नाही, तर सहाच्या आत त्या न सुटलेल्या गाडीची ओळ रजिस्टरात पडलेली असायची. पुढच्या थांब्यावर दुधाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या ओळीचा उपयोग नव्हता, हे खरं. पण महिनाअखेर रद्द किलोमीटरचा आकडा आगार व्यवस्थापकापुढे यायचा, विभागातून विचारणा व्हायची आणि कार्यशाळेत दीड महिना पडून राहिलेल्या गाडीचं काय झालं, याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागायचं.

आमची ताई, म्हणजे माझी थोरली मुलगी, वैमानिक व्हायला गेली तेव्हा मी सवयीनं एक दोनशे पानी वही घातली. रोज रात्री साडेआठला तिचा फोन यायचा. उडाली असेल तर किती मिनिटं, उडाली नसेल तर का नाही, एवढंच मी लिहायचो. 16 ऑगस्ट 2021 ला पहिली ओळ आहे, 16 जानेवारी 2024 ला शेवटची. एकूण 884 दिवस. त्यातले 171 दिवस ती उडाली. उरलेल्या 713 दिवसांचा हिशेब असा: विमान उपलब्ध नाही 231, हवामान 196, शिक्षक उपलब्ध नाहीत 118, इंधन नाही 34, आणि सुट्ट्या, परीक्षा, वैद्यकीय तपासणी, घरी येणं-जाणं मिळून 134.

शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, बारा ते चौदा महिने.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही. भांडण एका शाळेशी असतं तर मी ते ग्राहक आयोगात नेलं असतं. ताईच्या बरोबरीची मुलं चार वेगवेगळ्या राज्यांत शिकत होती आणि त्यांच्या आईवडिलांशी बोललो तेव्हा प्रत्येकानं मला माझ्याच वहीतली पानं वाचून दाखवल्यासारखं वाटलं.

ज्यांच्या घरात हा विषय आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यात 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, म्हणजे प्रमुख वैमानिक म्हणून. त्यात 20 तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यातला एक पल्ला किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. 10 तास बाहेर न बघता केवळ उपकरणांच्या भरवशावर. 5 तास रात्रीचे, त्यात 10 वेळा उडणं आणि 10 वेळा उतरणं. शिवाय हवाई नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती यांचे लेखी पेपर, प्रत्येकात 70 टक्के, आणि रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. पोरं याला नुसतं 'तास भरणं' म्हणतात. "किती झाले?" "एकशे चाळीस." "माझे नव्वदवरच अडकलेत." हॉस्टेलात दुसरं बोलणं नसतं.

आता पैशाचं. हमरस्त्यालगतची आमची पावणेदोन एकर जमीन रुंदीकरणात गेली, तिचे पैसे होते. घर तारण ठेवून बँकेचं 20 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. फी 48 लाख. ती चार हप्त्यांत भरायची होती, आणि हप्ते तारखांना बांधलेले होते, तासांना नव्हे. तीन हप्ते मिळून 39 लाख शाळेकडे पोचले तेव्हा ताईच्या लॉगबुकात 61 तास होते. म्हणजे पैसे पाचातले चार भाग गेले आणि तास दहातले तीन भाग झाले. त्यानंतर आमच्या हातात उरलं काय? विनंती. बँकेनं अभ्यासक्रम 18 महिन्यांचा धरला होता, त्यावर एक वर्षाची सवलत. प्रत्यक्षात 200 तास व्हायलाच 29 महिने लागले. पुढे परवान्याची कागदपत्रं चालू असतानाच पहिला हप्ता आला, 33 हजार 700 रुपयांचा. माझी पेन्शन त्याच्या पाव हिश्श्याइतकीही नाही.

मी रागावलो होतो, पण राग शांत झाल्यावर एका रात्री कागद घेऊन बसलो. आगारात मी शेड्यूल लावायचो. किती गाड्या, किती चालक, किती फेऱ्या, हे गणित हाताला बसलेलं. शाळेकडे कागदावर 7 विमानं होती. ठरावीक तासांनी त्यांची तपासणी करावीच लागते आणि सुटा भाग परदेशातून यायचा तर आठवडे जातात, त्यामुळे कुठल्याही दिवशी उडणारी 4. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चांगल्या दिवशी एक विमान 6 तास उडेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग खाली उतरलेले, डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं, एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या वावटळी, त्यामुळे वर्षात उडण्याजोगे दिवस 240 धरा. चार सक चोवीस, चोवीस गुणिले 240, झाले 5760 तास. आणि मुलं होती 70. प्रत्येकाचे 200, म्हणजे 14 हजार तास. भागाकार करा, जवळजवळ 29 महिने येतात.

पेन खाली ठेवून मी बराच वेळ तसाच बसलो. हवामान, इंधन, शिक्षक, हे सगळं रोज फोनवर ऐकत होतो आणि पोरीचं नशीब म्हणून सोडून देत होतो. पण उत्तर प्रवेशाच्या दिवशीच ठरलेलं होतं. हे गणित करायला मला दहा मिनिटं लागली. शाळेला ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही. विमानांपेक्षा जास्त मुलं घेतली, एवढंच कारण. बाकी सगळी त्या कारणाची रोजची नावं.

कुणी म्हणेल, उशीर झाला तर झाला, शेवटी तास पूर्ण झाले ना? इथंच लोकांची चूक होते आणि माझीही होत होती. ताईनं मला समजावलं. तिचं पहिलं एकटीचं उड्डाण 19 तास झाल्यावर झालं. शिक्षक धावपट्टीच्या कडेला उतरले, दार लावलं, अंगठा दाखवला. शेजारची सीट रिकामी, विमान हलकं, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर वर गेलं. एक फेरी घालून ती उतरली आणि मुलांनी रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. फोनवर हसत होती, दात वाजत होते. वहीत मी त्या दिवशी नियम मोडून दोन ओळी लिहिल्या.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलग 23 दिवस विमान नाही.

चोविसाव्या दिवशी ती उतरायला आली तेव्हा जमिनीचा अंदाज चुकला. उतरताना धावपट्टीपासून काही फुटांवर विमानाचं नाक हळूच वर घ्यायचं असतं, वेग मरू द्यायचा, आणि मागची चाकं आधी टेकवायची. ते हाताला येतं ते रोजच्या सवयीनं. तिनं नाक लवकर उचललं, विमान आपटलं, चेंडूसारखं उसळलं. शिक्षक सोबत होते म्हणून त्यांनी इंजिन पूर्ण देऊन विमान पुन्हा वर नेलं. मग तीन तास पुन्हा शिक्षकांसोबत, तेच सर्किट, तेच उतरणं. हे तीन तास कुणाच्या खात्यातून गेले? तिच्या. असे खंड पाच वेळा पडले. म्हणजे 200 तासांतले कितीतरी तास नवं शिकण्यात गेले नाहीत, विसरलेलं परत आणण्यात गेले. लॉगबुकात ते तासही तासच दिसतात. बेरीज त्यांना वेगळं करत नाही.

नियमातही याची जाणीव आहे. प्रमुख वैमानिक म्हणून केलेल्या 100 तासांतले किमान 15 तास अर्जाच्या आधीच्या 6 महिन्यांतले असावे लागतात. कारण दोन वर्षांपूर्वीचा हात आजचा हात नव्हे. हे शहाणपण शेवटच्या 6 महिन्यांना लावलं, तसं आधीच्या काळाला कुणी लावलेलं नाही.

आपल्या देशात याचं वजन इतर ठिकाणांपेक्षा जास्त का, तेही सांगतो. ताईचा एक वर्गमित्र फ्लोरिडात शिकायला गेला. तिथे परवाना मिळाल्यावर मोठ्या कंपनीत लगेच बसता येत नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान वेग गमावून एका घरावर कोसळलं, 50 माणसं गेली. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून तिथे प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसायलाही साधारणपणे 1500 तास लागू लागले. पदवी किंवा लष्करी सेवा असेल तर काही सूट आहे. त्यामुळे तिथली पोरं परवान्यानंतर वर्ष-दोन वर्षं इतरांना शिकवतात, समुद्रकिनाऱ्यावरून जाहिरातीचे फलक ओढत नेतात, पॅराशूटवाल्यांना वर सोडून येतात. छोट्या विमानात हजार-बाराशे तास घासतात आणि मग मोठ्या विमानाकडे जातात.

आपल्याकडे 1500 तास लागतात ते कॅप्टनच्या परवान्याला. सहवैमानिकाच्या सीटवर मात्र 200 तासांचा परवाना घेतलेलं पोर, एका जातीच्या विमानाचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण घेऊन, थेट 180 माणसांच्या विमानात बसू शकतं. अमेरिकेसारखा नियम इथे आणा, असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. एक तर ते 1300 तास इथे भरायचे कुठे? फलक ओढणारी, शेतावर फवारणारी छोटी विमानं आपल्याकडे आहेत किती? पुन्हा बापाच्या खिशातूनच तास विकत घ्यायची वेळ येईल. आणि बफेलोच्या त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 पेक्षा जास्त तास होते. विमानाचा वेग मरत होता तेव्हा नाक खाली द्यायला हवं होतं, कॅप्टननं दांडा मागे ओढला. जे अगदी पहिल्या दिवसांत छोट्या विमानात शिकवतात, तेच त्या क्षणी हाताला आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं उलट आहे. आपल्याकडे मोठ्या विमानाआधी एवढेच 200 तास आहेत. पुढे सुधारून घ्यायला मधली पायरीच नाही. मग हे 200 तरी अखंड आणि खरे असले पाहिजेत.

खरे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ताईचे 150 तास झाले होते, चार महिने रखडले होते, तेव्हा हॉस्टेलातल्या एकानं तिला सुचवलं, पन्नास मिनिटांचं उड्डाण सव्वा तास लिही, सगळे लिहितात. वैमानिकांच्या बोलीत याला 'पार्कर पेनचे तास' म्हणतात, म्हणजे विमानानं नव्हे, पेनानं केलेले. 2011 मध्ये आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने आणि राजस्थानातल्या एका ठिकाणी न केलेल्या उड्डाणांच्या नोंदी उघडकीस आल्या होत्या, अटकाही झाल्या होत्या. ताईनं त्या रात्री मला विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी न गेलेली फेरी गेली म्हणून लिहिलीत का?" मी म्हणालो, "नाही, आणि तूही लिहू नकोस. आणखी सहा महिने लागले तरी चालतील." पोरीला सांगितलं खरं, पण फोन ठेवल्यावर आणखी सहा महिन्यांचं व्याज डोळ्यांपुढे आलं. खोटं लिहिणाऱ्या मुलाला माफ करा असं मी म्हणत नाही. पण त्याला त्या काठापर्यंत कुणी ढकलत आणलं, हेही पाहायला हवं.

घाई करा असंही माझं म्हणणं नाही. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं, आत एकटी मुलगी होती. ती वाचली. पुढच्या मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, त्यात शिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघंही गेले. त्या अपघातांची कारणं सांगणं तपास करणाऱ्यांचं काम, माझं नाही. पण त्या दोन्ही रात्री आम्ही दोघं नवराबायको जागे होतो आणि ताईचा आवाज ऐकेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. हवा खराब असेल तर विमान जमिनीवरच राहू दे. माझ्या वहीतल्या 196 दिवसांबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे ती 231 आणि 118 बद्दल.

शाळावाल्यांची बाजू मी ऐकलेली आहे. चांगले शिक्षक विमान कंपन्या उचलून नेतात, सुटे भाग महाग, धावपट्टीवर दिवे नाहीत. ताईच्या शाळेच्या धावपट्टीवर दिवे नव्हतेच, रात्रीच्या 5 तासांसाठी मुलांना दुसऱ्या शहरात 17 दिवस ठेवावं लागलं. या अडचणी खऱ्या आहेत. पण अडचणी ठाऊक असतील तर प्रवेश त्या मापानं द्या. आगारात दहा गाड्या असताना मी वीस गाड्यांचं आरक्षण घेतलं असतं तर मला निलंबित केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

सप्टेंबर 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, देशातल्या 35 उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीयादी जाहीर केली. ए प्लस आणि ए या वरच्या श्रेणींत एकही संस्था बसली नाही. यादी काढली हे चांगलंच झालं, मनापासून सांगतो. पण अक्षरावरून बापाला काही कळत नाही. त्याला महिने कळतात. प्रत्येक शाळेनं दर तीन महिन्यांनी एवढं जाहीर करावं: मुलं किती, प्रत्यक्ष उडणारी विमानं किती, शिक्षक किती, मागच्या वर्षी 200 तास पूर्ण केलेल्या मुलांना किती महिने लागले, आणि किती ठरलेली उड्डाणं कोणत्या कारणानं रद्द झाली. ही माहिती शाळेच्या कार्यालयात रोज लिहिली जातेच. फळ्यावर खडूनं लिहून संध्याकाळी पुसली जाते, एवढंच.

आणि फी तासाला बांधा. शैक्षणिक कर्ज देणारी बँक घराच्या कर्जात काय करते? पाया झाला, एक भाग. स्लॅब पडला, दुसरा भाग. तसंच 20 तास झाले, एक भाग, पुढचे 20 झाले की दुसरा. पैसे मधल्या खात्यात राहू देत, लॉगबुकाची नोंद आणि विमानाच्या मीटरची नोंद जुळली की सुटू देत. शाळेला पैसा मुलाला उडवल्यावरच मिळणार असेल, तर कोपऱ्यातल्या बंद विमानाचा सुटा भाग किती लवकर येतो ते बघा. यासाठी नवा कायदा लागत नाही. बँकांनी आणि डीजीसीएनं एकत्र बसून एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

2023 मध्ये एअर इंडियानं 470 विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोनं 500 विमानांची. तेव्हापासून प्रत्येक शाळेच्या जाहिरातीत हे आकडे असतात. त्याच वर्षी डीजीसीएनं 1622 व्यावसायिक परवाने दिले. त्यातल्या किती मुलांना सीट मिळाली, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. अमरावतीला, जळगावला, महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रशिक्षणाची केंद्रं होत आहेत, आमच्यासारख्या खेड्यांतली घरं त्यांच्याकडे डोळे लावून आहेत. जमिनीचा पैसा आयुष्यात एकदाच येतो.

ताई आज विमान कंपनीत नाही. तिनं शिक्षकाचं रेटिंग घेतलं आणि एका दुसऱ्या शाळेत ती शिकवते. शिकवताना तिचे तासही भरत जातात, आता सहाशेच्या पुढे गेलेत. तिच्याकडे सात मुलं आहेत. एकालाही दहा दिवसांपेक्षा जास्त जमिनीवर ठेवायचं नाही, असा तिनं स्वतःपुरता नियम केला आहे, आणि त्यासाठी तिची रोज कुणाशी ना कुणाशी हुज्जत होते. तिनंही वही घातली आहे.

गेल्या महिन्यात दहिवडीकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलगा बारावी झालाय, फिजिक्स-गणित चांगलं आहे, कुठली शाळा चांगली? मी म्हणालो, "नाव मी सांगणार नाही. तुम्ही एक काम करा. आकाश स्वच्छ असेल अशा दिवशी सकाळी सहाला धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहा, बारापर्यंत. किती विमानं उभी आहेत ते मोजा, किती वर गेली ते मोजा. आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर पोरं किती वाजेपर्यंत बसलेली असतात ते बघा."

चार दिवसांनी त्यांचा परत फोन. "साहेब, नऊ उभी होती. वर गेली तीन. एकाचं चाक काढून ठेवलेलं, दोघांच्या पंख्यावर ताडपत्री. टपरीवर पोरं युनिफॉर्ममध्ये साडेदहापर्यंत बसली होती. मी एकाला विचारलं, आज नंबर नाही का, तर म्हणाला, काका, माझा नंबर सोमवारपासून आहे."

तो शनिवार होता. गुरुवारी ते दुसऱ्या शाळेच्या कुंपणापाशी जाणार आहेत. रात्रीची कुठली गाडी पकडली तर सहाच्या आत पोचता येईल, ते विचारायलाही त्यांनी फोन केला होता.